काय पडलं?

शनिवारची सकाळ. कॅलिफोर्नियातल्या एका मराठी घरात ‘खण्ण’ असा आवाज झाला. स्वयंपाकघरातून आईने विचारलं, “काय पडलं रे?” बाहेरच्या खोलीतून उत्तर आलं, “काही नाही गं, गिटार वाजवतोय.” मिनिटभर शांतता. मग पुन्हा ‘खण्ण’, आणि त्याच्या शेपटीला पातेल्याच्या काठावरून उलथनं ओढत न्यावं तसा एक लांबलचक सूर. आई हात पुसत बाहेरच आली. “ते कळलं. पण पडलं काय?”

या घरातला मुलगा सेहेचाळीस वर्षांचा आहे. चाळिशी उलटली की परदेशस्थ मराठी पुरुषाला एक झटका येतो. त्यात कुणी मॅरेथॉन पळू लागतो, कुणी घरी पाव भाजू लागतो, कुणी महाराष्ट्र मंडळाच्या नाटकात शिरतो. याने धातूची रेझोनेटर गिटार मागवली. झटका रीतसर होता, फक्त वेळ चुकली. आईबाबा सहा महिन्यांसाठी पुण्याहून आले, आणि तिसऱ्या दिवशी खोकं दारात येऊन पडलं.

खोक्यातून जे निघालं त्याला गिटार म्हणायला बाबा सुरुवातीला तयार नव्हते. साधी लाकडी गिटार दोनेक किलोची असते, ही जवळजवळ दुप्पट. अंगभर निकेलची अशी झिलई की समोर धरली तर दाढी करून घ्यावी. मधोमध, जिथे सभ्य गिटारीला गोल भोक असतं, तिथे पुरणयंत्राच्या जाळीची आठवण करून देणारं मोठं झाकण. बाबांनी माठ घेताना मारतात तशी टिचकी मारली, कान लावला आणि निदान केलं, “पितळ आहे. वरून मुलामा.” निदान बरोबर होतं. मग त्यांनी किंमत विचारली, मनातल्या मनात डॉलरचे रुपये केले आणि जवळच्या खुर्चीत बसले. आईने गिटार उलटी करून पाठ बघितली आणि विचारलं, “नाव नाही घालून घेतलंस?”

आईचा प्रश्न वाटतो तेवढा वेडगळ नाही. या वाद्यावर कोरीवकाम करायची रीत पहिल्यापासूनची आहे. लॉस एंजेलिसच्या नॅशनल स्ट्रिंग इन्स्ट्रुमेंट कॉर्पोरेशनने 1920च्या दशकाच्या अखेरीस ज्या गिटारी काढल्या, त्यांच्या प्रती फुलांवरून ओळखत. ‘स्टाइल 1’ साधी, ‘स्टाइल 2’वर रानगुलाब, ‘स्टाइल 3’वर लिलीच्या घंटा, ‘स्टाइल 4’वर शेवंती. पुढे आलेल्या ‘स्टाइल ओ’वर तर वाळूचा मारा करून नारळाची झाडं आणि हवाई बेटांचा अख्खा देखावा उठवलेला असे. तीच ती झाडं ‘डायर स्ट्रेट्स’ या ब्रिटिश बँडच्या 1985 सालच्या ‘ब्रदर्स इन आर्म्स’ या अल्बमच्या मुखपृष्ठावर, निळ्या आभाळात तरंगत, जगभरातल्या कोट्यवधी घरांत जाऊन पोचली. त्या गिटारीचा मालक मार्क नॉफ्लर. गिटार 1937 सालची. म्हणजे आपल्या आज्यांनी हळदीकुंकवाला लुटलेल्या वाट्यांवर तारीख घातली, त्याच सुमाराची.

मुळात कुणाला धातूची गिटार का करावीशी वाटली? तर ऐकू येत नव्हती म्हणून.

1920च्या दशकातलं अमेरिकेतलं रंगमंचावरचं दृश्य असं: बँजो कडकडतोय, सॅक्सोफोन घोगरा रडतोय, ट्रम्पेट छत फाडतोय, आणि कोपऱ्यात एक गिटारवाला जीव तोडून वाजवतोय. त्याचं वाजवणं दिसतं, ऐकू मात्र येत नाही. वरातीच्या ब्रास बँडमध्ये तंबोरा घेऊन चालणाऱ्याची जी अवस्था होईल, तीच त्याची. जॉर्ज बीचम हा असाच एक गांजलेला कलावंत. नाच-गाणी-नकलांच्या खेळांत तो हवाईयन पद्धतीची गिटार वाजवायचा. तो जॉन डोपेरा या स्लोव्हाकियाहून आलेल्या वाद्यकारागिराकडे गेला आणि म्हणाला, मला गिटारीला ग्रामोफोनचा कर्णा बसवून दे. डोपेराने तसंही एक यंत्र करून दिलं म्हणतात. ते स्टँडवर उभं करावं लागे, आणि त्याचं पुढे काही झालं नाही यात नवल नाही.

मग डोपेराने डोकं चालवलं. कर्णा बाहेर कशाला, आत घालू. त्याने ॲल्युमिनियमचे, कागदासारखे पातळ, सहा इंच व्यासाचे तीन शंकू केले, ते धातूच्या पेटीत बसवले आणि त्यांच्यावर इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची घोडी ठेवली. तार छेडली की घोडी थरथरते, घोडीखाली शंकू थरथरतात, आणि शंकू हवेला ढकलतात. लाऊडस्पीकरच्या आत कागदाचा कोन जे काम करतो तेच, फक्त वीज नाही. ही ‘ट्रायकोन’. थोड्याच दिवसांत साडेनऊ इंचांचा एकच शंकू असलेली स्वस्त भावंडं आली. त्यांच्यात शंकूच्या टोकावर लाकडाची एक गोल चकती असते आणि घोडी तिच्यात खोचलेली. त्या चकतीला जगभरचे गिटारवाले आजही बिस्किट म्हणतात. आपल्या लेकाने एवढे पैसे मोजून आत बिस्किट असलेला डबा आणला, हे ऐकून आईचा चेहरा जरा निवळला.

धातूंच्या नावांनी मात्र त्या घरात एक संध्याकाळ खाल्ली. मुलगा सांगत होता की जुन्या ट्रायकोन जर्मन सिल्व्हरच्या असत. आईच्या माहेरी ‘जर्मनची भांडी’ म्हणजे ॲल्युमिनियमची, दूध तापवायची, पोचे आलेली. “जर्मनच्या भांड्याची गिटार?” मुलाने समजावलं की जर्मन सिल्व्हरमध्ये तांबं, निकेल आणि जस्त असतं, सिल्व्हरचा त्यात कणही नसतो. “मग सिल्व्हर का म्हणतात?” दिसतं म्हणून. “आणि तुझे ते शंकू?” ते ॲल्युमिनियमचे. “म्हणजे जर्मनचेच की!” थोडक्यात, बाहेरून जगाचं जर्मन आणि आतून आईच्या माहेरचं जर्मन. बाबांना दुसरीच गंमत वाटत होती. आपल्याकडे पितळी भांड्याला कल्हई आतून लावतात. यांनी पितळेला झिलई बाहेरून लावली आणि आत मात्र डोकावू नये म्हणून जाळी बसवली.

कंपनी उभी राहिली त्याची गोष्ट कुठल्याही भागीदारीच्या धंद्याला शोभणारी आहे. बीचमच्या नात्यात एक तरुण होता, वारशाने लक्षाधीश झालेला आणि ते लक्ष लवकरात लवकर संपवायच्या मागे लागलेला. त्याच्या पार्टीत हवाईयन गिटारचा बादशहा सोल होओपी याने ती नवी गिटार वाजवली, आणि यजमानाने त्या धुंदीत 12,500 डॉलरचा चेक फाडला, असं सांगतात. 1927मध्ये नॅशनल कंपनी सुरू झाली. पुढच्या वर्षभरातच भांड्याला भांडं लागलं. एका शंकूची कल्पना कुणाची यावरून वाद झाला आणि डोपेरा बाहेर पडला. त्याने भावांना घेऊन वेगळी चूल मांडली. ‘डोपेरा ब्रदर्स’ची आद्याक्षरं जुळवून नाव ठेवलं ‘डोब्रो’, ज्याचा स्लोव्हाक भाषेत अर्थ ‘चांगलं’. त्यांनी शंकू उलटा केला, वाटीसारखा, आणि वर आठ पायांचा धातूचा कोळी बसवला. एका घरात बिस्किट, दुसऱ्या घरात कोळी. काही वर्षांनी दोन्ही घरं पुन्हा एक झाली. भावकीतले वाद मिटतात तसेच हेही मिटले. कुणाचं बरोबर होतं ते शेवटपर्यंत ठरलं नाही.

पण खरा विनोद पुढेच आहे. एवढा खटाटोप आवाज मोठा व्हावा म्हणून. आणि हा खटाटोप ज्याने सुरू केला, त्याच बीचमने त्याचं पाणी केलं. तो घरी बसून ग्रामोफोनचा पिकअप, म्हणजे थरथरीची वीज करणारा भाग, उघडून बघत होता. तारेचं वेटोळं गुंडाळायला त्याने धुलाईयंत्राची मोटर वापरली, असं एक म्हणणं आहे. शिलाईयंत्राची होती असं दुसरं. मोटर कुठलीही असो, घरातलं कुठलं तरी काम त्या दिवशी खोळंबलं असणार. त्यातून लोहचुंबकाचा पिकअप निघाला. नॅशनलच्या धातूच्या पेट्या ठोकून देणारा अवजार-कारखानदार ॲडॉल्फ रिकनबॅकर त्याच्या जोडीला आला, आणि 1932मध्ये दोघांनी विजेची गिटार बाजारात आणली. तिचा आकार असा की लोक तिला ‘फ्राइंग पॅन’ म्हणू लागले. म्हणजे पेटीला पाच वर्षं होतात न होतात तोच तवा आला. बटण फिरवलं की आवाज वाढतो, हे एकदा कळल्यावर चार किलोचं पितळ मांडीवर घेऊन बसायचं कारणच उरलं नाही.

तरी धातूची गिटार मेली नाही. कारण अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कापसाच्या मळ्यांत वीज नव्हती, आणि शनिवारी रात्री नाच मात्र व्हायचे. मंदीच्या काळात नॅशनलची पोलादी ‘ड्युओलियन’ साडेबत्तीस डॉलरला मिळे. शेवंती कोरलेल्या ट्रायकोनच्या मानाने ती गरिबाची गिटार. न्हाणीघराच्या दारासारखा रंग, पण आवाज असा की पाय आपटणाऱ्या पन्नास माणसांच्या वर ऐकू जावा. सन हाउस, बुका व्हाइट असे मिसिसिपीचे ब्लूज गाणारे लोक तिच्याशी जोडले गेले. शिकागोच्या टॅम्पा रेडने तर 1928च्या सुमारास सोन्याचा मुलामा दिलेली ट्रायकोन घेतली आणि त्या जोरावर ‘सोन्याची गिटारवाला’ म्हणून मिरवला. दागिना अंगावर घालायचा की मांडीवर घ्यायचा, एवढाच काय तो फरक.

सन हाउसची पुढची हकीकत प्रत्येक चाळिशीतल्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. 1964मध्ये तीन तरुण चाहते त्याला शोधत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला पोचले, तेव्हा त्याच्याकडे गिटार नव्हती आणि आपलीच गाणी तो विसरला होता. मग ॲलन विल्सन नावाच्या विशीतल्या पोराने त्याच्या जुन्या तबकड्या ऐकून ऐकून बसवलेली गाणी त्यालाच पुन्हा शिकवली. बुका व्हाइटचा शोध तर त्याहून सोपा. त्याच्या एका गाण्यात मिसिसिपीतल्या ॲबर्डीन गावाचं नाव होतं. 1963मध्ये दोघा उत्साही मंडळींनी त्या गावच्या पोस्टात ‘बुका व्हाइट, जुना ब्लूज गायक’ एवढ्याच पत्त्यावर पत्र टाकलं. ते फिरत फिरत मेम्फिसला त्याच्या हातात पडलं. पोस्टाच्या कारभारावर बाबांचा विश्वास नाही. त्यांनी ही गोष्ट दोनदा विचारून घेतली.

आता गिटारीवरून बोटाकडे.

धातूची गिटार घेतली आणि ती नुसत्या बोटांनी वाजवली, तर कढईत चहा केल्यासारखं होतं. तिच्यासाठी स्लाइड लागते. डाव्या हाताच्या करंगळीत किंवा अनामिकेत काचेची नाहीतर पितळेची नळी घालायची आणि ती तारांवरून सरकवायची. या युक्तीचा जनक म्हणून हवाईच्या जोसेफ केकुकूचं नाव घेतात. 1880च्या दशकाच्या शेवटी शाळकरी पोर असताना त्याला पोलादी तुकडा तारेवर घासायची कल्पना सुचली, असं सांगतात. काही जण त्याच्याआधी गॅब्रिएल डेव्हियन या खलाशाचं नाव घेतात, आणि तो म्हणे हिंदुस्थानात जन्मलेला. हे ऐकल्यापासून बाबा पाहुण्यांना स्लाइड गिटार भारतीय वाद्य आहे असं सांगू लागलेत.

मिसिसिपीतली हकीकत डब्ल्यू. सी. हँडी या संगीतकाराने आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. 1903च्या सुमारास टटवायलर नावाच्या स्टेशनावर तो गाडीची वाट बघत होता. गाडी नऊ तास लेट. डुलकी लागली. जाग आली तेव्हा शेजारी एक फाटका माणूस गिटारीच्या तारांवर चाकू दाबून वाजवत होता आणि कुठल्याशा रेल्वे क्रॉसिंगबद्दल गात होता. हँडी म्हणतो, इतकं विलक्षण संगीत मी कधी ऐकलं नव्हतं. गाडी वेळेवर आली असती तर ब्लूजच्या इतिहासातलं एक पान कोरं राहिलं असतं. मनमाडला रात्र काढलेल्या मंडळींनी आपण काय काय ऐकायचं सोडून झोपा काढल्या, याचा विचार करावा.

चाकूनंतर बाटल्यांचा जमाना आला. बाटलीची मान कापून बोटात घालायची, म्हणून या शैलीचं एक नाव ‘बॉटलनेक’. ड्युएन ऑलमन या रॉक गिटारवाल्याने 1968मध्ये सर्दीच्या गोळ्यांची रिकामी काचेची बाटली बोटात घातली आणि इतकं अफाट वाजवलं की ती बाटली तीर्थ झाली. पुढे औषध काचेच्या बाटलीत यायचं बंद झालं. तेव्हा वाद्यांच्या दुकानांनी त्या रिकाम्या बाटलीच्या हुबेहूब नकला करून विकायला घेतल्या. म्हणजे सर्दी नाही, गोळ्या नाहीत, फक्त बाटली, आणि तीही विकत. लोवेल जॉर्ज नावाच्या दुसऱ्या वादकाने गॅरेजमधल्या पान्याचा सॉकेट बोटात चढवला. आपल्या मुलाकडे आजमितीला अशा नऊ नळ्या आहेत: काच, पितळ, पोलाद, चिनी माती. एकही बोटाला बरोबर बसत नाही. एक अडकते, बाकीच्या आठ पडतात. म्हणजे आईच्या “काय पडलं?” या प्रश्नाला कधीकधी खरंच उत्तर असतं. नळी पडते आणि थेट सोफ्याखाली जाते. सोफ्याखाली घरंगळत गेलेल्या नळीचा आवाज वाद्यापेक्षा सुरेल असतो, हे बाबांचं मत.

स्लाइड वाजवणं म्हणजे आजवर शिकलेलं एकेक विसरणं. साध्या गिटारीत तार फ्रेटच्या, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या, अलीकडे, दोन फ्रेटच्या मध्ये दाबायची असते. स्लाइडमध्ये नळी बरोबर फ्रेटच्या डोक्यावर हवी, आणि दाबायची अजिबात नाही. दाबलं तर फ्रेटवर आदळून ‘खट्’. सैल धरलं तर ‘झर्र’. जरा तिरकी झाली तर सहा तारांचे सहा पक्ष. नळीच्या मागे राहिलेला तारेचा तुकडाही आपल्या परीने काहीतरी कुरकुरत असतो. त्याला उरलेल्या बोटांनी गप्प करावं लागतं. ज्या फ्रेटांसाठी पैसे मोजले त्यांना स्पर्श करायचा नाही, त्यांच्याकडे नुसतं बघायचं. घरात शोकेसमध्ये ठेवलेला कपबशांचा सेट असतो, तसं हे नातं.

तारा लावायची रीतही निराळी. सहाही तारा मोकळ्या छेडल्या तरी एक अख्खा स्वरसमूह वाजावा, अशा त्या जुळवतात. यातल्या एका जुळणीला जुने ब्लूजवाले ‘व्हेस्टापोल’ म्हणत. हे नाव आलं क्रिमियन युद्धातल्या सेवास्तोपोलच्या वेढ्यावरून. हेन्री वॉरल नावाच्या माणसाने त्या वेढ्यावर गिटारीची एक रचना केली, ती अमेरिकेतल्या दिवाणखान्यांत घरोघरी वाजली, आणि रचना विसरली तरी तिची जुळणी टिकली. काळ्या समुद्रावरची लढाई मिसिसिपीच्या कापसात जाऊन तारांना नाव देऊन गेली. दुसरी जुळणी ‘ओपन जी’. ती मुलाने लावली आणि सहा तारांवरून एकदा अंगठा फिरवला, तेव्हा आई स्वयंपाकघरातून पहिल्यांदाच प्रश्न न विचारता बाहेर आली.

आई लग्नाआधी गांधर्व महाविद्यालयाची ‘मध्यमा’ झालेली. तिने ऐकलं आणि बोटांवर मोजलं: प सा प सा ग प. “अरे, हा तर तंबोरा! फक्त तुमच्या लोकांना गांधारासाठी वेगळी तार लागते. आमचा तंबोरा नीट जुळला तर तो आपला आपण ऐकू येतो.” त्या दिवसापासून मुलाची अवस्था बिकट झाली. तोवर त्याचं वाजवणं घरात आवाज म्हणून सहन केलं जात होतं, आता संगीत म्हणून तपासलं जाऊ लागलं.

पहिली ठिणगी गांधारावरूनच पडली. ब्लूजमध्ये तिसरा स्वर कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी लोंबकळतो. मुलगा व्हिडिओ बघून तो नेमका तसा काढायची खटपट करत होता. “गांधार उतरलाय,” आतून आवाज. “तो तसाच असतो, आई.” “असं कसं? कोमल लावायचा तर कोमल लाव, शुद्ध तर शुद्ध. मधल्यामधे काय अधांतरी?” मुलाने फोनवरचं सूर मोजायचं ॲप दाखवलं. काटा दोन स्वरांच्या बरोब्बर मध्ये. “बघ, अगदी मध्ये आहे!” आई म्हणाली, “हो, ना धड इकडे ना धड तिकडे, तेच सांगतेय.” मग तिने लेकाला दम घेऊन हळू सरकायला सांगितलं, सुटताना कसं सुटायचं आणि पोचल्यावर कसं थांबायचं ते गाऊन दाखवलं. मींड म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर नुसती धावपळ नव्हे, मधली वाटही ऐकू आली पाहिजे. शंभर व्हिडिओंत कुणी हे सांगितलं नव्हतं.

तसं पाहिलं तर आईने हे वाद्य पूर्वी भरपूर ऐकलंय, फक्त ओळख पटायला वेळ लागला. रेडिओच्या काळात सिनेमाच्या गाण्यांच्या सुरावटी हवाईयन गिटारवर वाजत. मुंबईच्या व्हॅन शिप्ले यांच्या तबकड्या त्यात आघाडीवर होत्या. टाऊ मो हा हवाईयन गिटारवादक 1940च्या दशकात कलकत्त्यात राहून तिथल्या लोकांना ही विद्या शिकवत होता. आणि 1967 साली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही एचएमव्हीची तबकडी निघाली. तिच्यातला संतूर आणि बासरी सगळ्यांच्या लक्षात आहे. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया ही नावंही तोंडपाठ. तिसरा माणूस ब्रिजभूषण काबरा, आणि त्यांच्या हातात होती आडवी ठेवून नळीने वाजवलेली गिटार. त्या तबकडीचे निर्माते जी. एन. जोशी, म्हणजे मराठी भावगीताच्या पहिल्या पिढीतले गायक. पुढे विश्वमोहन भट्ट यांनी गिटारीला जादा तारा लावून मोहनवीणा केली. अमेरिकन स्लाइडवादक राय कूडर आणि ते एका संध्याकाळी रेकॉर्डिंगच्या जेमतेम तासभर आधी पहिल्यांदा भेटले, आणि त्यातून निघालेल्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ला 1994चं ग्रॅमी मिळालं. आईबाबांच्या घरी ‘कॉल ऑफ द व्हॅली’ची कॅसेट होती. ती लागल्यावर कधी कुणी “काय पडलं?” असं विचारलं नव्हतं, हे मुलाने बोलून दाखवलं नाही.

दुसऱ्या महिन्यात संकट आलं. गिटार बोटांच्या ठशांनी माखली होती. निकेलवर ठसे असे उठतात की चोराने तरी ही गिटार चोरू नये. मुलाने ती पुसायला काढली आणि नीट पुसता यावी म्हणून सगळ्या तारा एकदम सोडल्या. आत शंकू नुसता ठेवलेला असतो, तारांच्या दाबावर बसलेला, हे त्याला ठाऊक नव्हतं. दाब गेला, शंकू हलला. तारा पुन्हा चढवल्यावर प्रत्येक सुरामागे खिडकीवर माशी अडकल्यासारखी झणझण सुरू. बाबांचे डोळे चमकले. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या हाताला असं काम लागलं नव्हतं. त्यांनी झाकणाचे सगळे स्क्रू आवळले, मग सगळे सैल केले, मग कागदाची चौपदरी घडी कुठे घालता येईल ते शोधू लागले. शंकू शेवटी जागेवर बसला, बिस्किट सरळ झालं, तरी झणझण जाईना. तीन दिवस घरात दुसरा विषय नव्हता. चौथ्या दिवशी मुलगा टी-शर्ट घालून बसला, आणि आवाज बंद. गिटारीच्या पाठीला त्याच्या शर्टाचं बटण टेकत होतं. बाबांनी ती चौपदरी घडी तरीही बटणाखाली घालून बघावी असं सुचवलं.

पाचव्या महिन्यात एकदा, जेवणं झाल्यावर, मुलगा काळोखात बसून वाजवत होता. नळी पाचव्या फ्रेटवर पोचली, जरा पुढे गेली, परत आली आणि थांबली. स्वयंपाकघरात भांडी घासणारे हात थांबले. “हा लागला,” आई म्हणाली. एवढंच. नळाचं पाणी पुन्हा सुरू झालं.

निघायच्या आदल्या दिवशी आईने फ्रीज भरायला घेतला होता. लाडू झाले, चिवडा झाला, चकल्यांची भाजणी डब्यात भरायची राहिली होती. बाबा बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत पुण्याचं वर्तमानपत्र फोनवर वाचत होते. तेवढ्यात ‘खण्ण’ असा मोठा आवाज झाला, आणि त्यापाठोपाठ एक लांब, गोल, खाली खाली जाणारा सूर, जो बराच वेळ थरथरत राहिला. बाबांनी मान वर न करता दाद दिली, “वा! आज गांधार अगदी बरोबर लागला हं.”

“अहो, तो बॅगांचा वजनकाटा आणायला गेलाय,” आतून आईचा आवाज आला. “स्टीलचा डबा पडलाय. झाकण सोफ्याखाली गेलंय, तेवढं काढा.”